लंकेस जावें तें कोणत्या ऋतूंत?

परदेशच्या प्रवासाचा बेत घरांत निघाला, कीं पहिला प्रश्न खर्चाचा येतो आणि दुसरा मुलांच्या सुट्टीचा. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पैसा कष्टानें मिळवावा लागतो, आणि मुलांची शाळा बुडवून सहल करणें विचारी आईबापांस रुचत नाहीं. परंतु तिसराहि एक प्रश्न आहे, आणि तो बहुधा तिकिटें हातीं पडल्यावर कोणाच्या तरी मनांत येतो: आपण जाणार त्या वेळीं तेथें ऋतु कोणता असेल? हा प्रश्न मागें राहिल्यामुळें कित्येक कुटुंबांचे हौसेचे दिवस हॉटेलच्या खिडकीशीं बसून पाऊस पाहण्यांत जातात. वर्षानुवर्षें सांठविलेल्या पैशांतून घडलेला, आजीआजोबांचा कदाचित् पहिला आणि शेवटचा परदेशप्रवास असा वायां जावा, ही गोष्ट साधी नव्हे. म्हणून शेजारच्याच एका देशाचें उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तो देश म्हणजे श्रीलंका. मुंबईहून विमानानें सुमारें अडीच तासांत कोलंबो येतें. घड्याळाचे कांटे फिरवावे लागत नाहींत, आणि भात-नारळाच्या त्या देशांत शाकाहारी माणसाची उपासमारहि होत नाहीं. पहिल्या परदेशप्रवासासाठीं लंकेची निवड पुष्कळ घरांत होते ती यामुळेंच. मात्र एवढेंसें बेट, तेव्हां तेथील ऋतुहि सर्वत्र एकच असावयाचा, अशी जी समजूत असते ती साफ चुकीची आहे. लंकेचें क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पांचव्या हिश्शाहून किंचित् अधिक. पण तेवढ्या जागेंत एकाच दिवशीं एका किनाऱ्यावर मुसळधार पाऊस आणि दुसऱ्या किनाऱ्यावर लख्ख ऊन असूं शकतें.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. लंका विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळें आपल्याकडील हिवाळा-उन्हाळ्यासारखा भेद तेथें नाहीं. कोलंबोची हवा बाराहि महिने उष्ण व दमट असते. तेथील ऋतु ठरतो तो वाऱ्यावरून. मेपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येकडून वारे येतात आणि पश्चिम व दक्षिण भागांस भिजवितात. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ईशान्येचे वारे वाहतात आणि पूर्व व उत्तर भागांस पाऊस देतात. मध्यें डोंगरांचा उंच प्रदेश उभा आहे. त्यांतील सर्वांत उंच शिखर, पिदुरुतलागल, 2,524 मीटर उंच आहे. हा प्रदेश दोन्ही वाऱ्यांना अडवितो. ज्या बाजूनें वारा येतो त्या बाजूस पाऊस कोसळतो आणि पलीकडची बाजू कोरडी राहते. महाबळेश्वरीं धो धो पाऊस चालला असतां घाट उतरून वाईस येणाऱ्या माणसाला हा चमत्कार नवा नाहीं. फरक इतकाच, कीं आपल्या सह्याद्रीवर हा खेळ प्रामुख्यानें एकाच दिशेनें चालतो. लंकेंत वर्षांतून दोनदां बाजू बदलते. शेतकरीहि त्यानुसार वर्षाचे दोन हंगाम मानतात. एकास 'यल' म्हणतात, दुसऱ्यास 'महा'. मध्य डोंगराच्या पश्चिम उतारावर कांहीं ठिकाणीं वर्षाकाठीं 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर वायव्येकडील मन्नारच्या बाजूस तो 1,000 च्या आसपासच असतो.

आतां आपल्या सुट्ट्या या पंचांगाशीं ताडून पाहूं.

मे महिन्याची सुट्टी ही आपली सर्वांत मोठी सुट्टी. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळांत साधारणतः 1 जूनच्या सुमारास पोहोंचतात. लंकेंत ते त्याआधींच, मेच्या उत्तरार्धांत, शिरतात. म्हणजे आपण उकाड्याला कंटाळून ज्या वेळीं निघतों, नेमका त्याच वेळीं कोलंबो, गाल, मिरिस्स या बाजूचा समुद्र खवळूं लागतो आणि पोहणें धोक्याचें होतें. पण म्हणून मे महिन्यांत लंका वर्ज्य करण्याचें कारण नाहीं. किनारा बदलावा म्हणजे झालें. पूर्वेकडील त्रिंकोमाली येथें मेपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र शांत आणि आकाश निरभ्र असतें. तेथें स्वामी रॉक नांवाच्या कड्यावर कोणेश्वराचें देऊळ आहे, तेव्हां वडील मंडळींचाहि योग साधतो. वैशाखी पौर्णिमेस वेसाकचा सण येतो. त्या रात्रीं गांवोगांवीं कागदी कंदील लागतात. दिवाळींत आकाशकंदील करणाऱ्या मुलांना ते पाहून आनंदच होईल. मात्र एप्रिलच्या मध्यास जाणार असाल तर एक ध्यानांत ठेवावें: 13-14 एप्रिलला सिंहली व तमिळ नववर्ष असतें. त्या दिवसांत पुष्कळशीं दुकानें बंद राहतात आणि नुवारा एलियासारख्या थंड हवेच्या गांवीं तेथल्याच लोकांची झुंबड उडते.

दिवाळीची सुट्टी दिसते सोयीची. परंतु लंकेसाठीं तीच सर्वांत अवघड. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन मोसमांमधला संधिकाल. या दिवसांत दुपारनंतर गडगडाटासह पाऊस जवळजवळ सर्वच बेटावर होतो आणि बंगालच्या उपसागरांतील चक्रीवादळांचें भयहि असतें. 2025 च्या नोव्हेंबरअखेर 'दित्वा' चक्रीवादळानें पूर आणले, दरडी कोसळविल्या आणि सहाशेंहून अधिक माणसांचे प्राण घेतले. लहान मुलें व वृद्ध बरोबर असतां असा धोका कोणीं आपण होऊन पत्करूं नये.

नाताळची सुट्टी पश्चिम व दक्षिण किनाऱ्यासाठीं उत्तम. या दिवसांत मिरिस्सजवळच्या समुद्रांत निळे देवमासे दिसूं लागतात. तो हंगाम एप्रिलपर्यंत चालतो. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वेसाकपर्यंत श्रीपादाची यात्राहि चालू असते. 2,243 मीटर उंचीच्या त्या शिखरावरील पाऊलखूण बौद्ध बुद्धाची मानतात आणि हिंदु शिवाची. या दिवसांत पूर्व किनारा मात्र टाळावा.

ज्या घरीं मुलांच्या शाळेचें बंधन उरलेलें नाहीं, त्यांनीं फेब्रुवारी किंवा मार्च पसंत करावा. डोंगराळ भागांत त्या वेळीं पहाट स्वच्छ असते, आणि हॉर्टन प्लेन्सच्या पठारावरील 'वर्ल्ड्स एंड' हा कडा धुक्यानें झांकण्याच्या आधीं पाहतां येतो. सिगिरीयाच्या खडकाला सुमारें 1,200 पायऱ्या आहेत. तेथें मात्र ऋतूपेक्षां वेळ महत्त्वाची: सकाळीं दार उघडतांच चढावें, आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहींत त्यांनीं पायथ्याच्या बागांतच समाधान मानावें.

आणखी कांहीं गोष्टी अशा आहेत, कीं त्यांच्यासाठीं पावसाकडे काणाडोळा करावा. कँडी येथें दंतमंदिराची एसल पेराहेर ही मिरवणूक जुलै-ऑगस्टमध्यें निघते. तिचे शृंगारलेले हत्ती दुसऱ्या वेळीं पाहावयास मिळणार नाहींत. तिसऱ्या शतकांत महासेन राजानें बांधलेल्या मिन्नेरिय तलावाचें पाणी जुलैपासून सप्टेंबरपर्यंत ओसरतें, आणि उघड्या पडलेल्या गवतावर रानहत्तींचे कळपच्या कळप जमतात. ज्याला हें पाहावयाचें आहे, त्याचा उत्तम ऋतु तोच.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. ऋतूचीं गणितें हीं सरासरीचीं गणितें आहेत. 2017 च्या मे महिन्यांत लंकेच्या नैर्ऋत्य भागांत पूर व दरडींनीं दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. म्हणून निघण्यापूर्वीं आठवडाभर हवामानखात्याचे अंदाज पाहावे, आणि एकदोन दिवस मोकळे राहतील असाच कार्यक्रम आंखावा. ज्या महिन्यांत हॉटेलांचे दर एकाएकीं निम्म्यावर येतात, त्या महिन्यांत ते कां उतरले हें विचारल्यावांचून पैसे भरूं नयेत.

सारांश, "कोणता महिना चांगला?" हा प्रश्नच अपुरा आहे. काय पाहावयाचें, बरोबर कोण आहे आणि सुट्टी केव्हां आहे, हें तिन्ही एकत्र मांडून किनारा निवडावा. सुट्टी बदलणें ज्यांच्या हातीं नाहीं त्यांनीं ठिकाण बदलावें, आणि ज्यांचें मन ठिकाणावरच बसलें आहे त्यांनीं एक वर्ष थांबून योग्य सुट्टीची वाट पाहावी. आजीआजोबांचें वय मात्र वाट पाहत नाहीं. तेव्हां घरांत दोन मतें पडलींच, तर त्यांच्या प्रकृतीला मानवेल तो ऋतु आधीं धरावा आणि तरुणांनीं आपल्या आवडीचे देवमासे पुढच्या खेपेस पाहावे, असेंच आम्ही सुचवूं.