पचमढीच्या घळींतून चालताना: वालुकाश्म, पाणी आणि सुरक्षिततेचे गणित

या पाठात आपण मध्य प्रदेशातील पचमढीच्या वालुकाश्मी घळींचा अभ्यास करणार आहोत. महाविद्यालयांच्या सहली आणि पदभ्रमण शिबिरे येथे नेहमी येतात, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांना या वाटा कधी ना कधी चालायला मिळतील. पाठ वाचून झाल्यावर तीन प्रश्नांची उत्तरे तुम्हाला देता आली पाहिजेत. येथील घळी इतक्या खोल आणि अरुंद का आहेत? त्यांत जंगल कसे टिकते? आणि डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही घळीत पूर का येऊ शकतो? यातला तिसरा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही.

1. खडक कशाचा आहे?

पचमढीचे पठार सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावर आहे. येथील धूपगड (1352 मीटर) हे मध्य प्रदेशातील सर्वांत उंच शिखर होय. सह्याद्रीत फिरलेल्या विद्यार्थ्यांना काळ्या बेसाल्टची सवय असते. येथील खडक मात्र पिवळसर-तांबूस असून हाताला खरखरीत लागतो. हा गोंडवाना खडकसमूहातील वालुकाश्म. सुमारे 24 ते 25 कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक कालखंडाच्या सुरुवातीच्या काळात, अनेक फाट्यांनी वाहणाऱ्या नद्यांनी येथे वाळू आणि गोटे आणून टाकले. त्यांचे थरावर थर साचत गेले, दाबले गेले आणि त्यांचा खडक झाला.

कड्याकडे नीट पाहिलेत तर आडव्या थरांच्या आत तिरप्या रेषा दिसतील. वाळूचा ढीग प्रवाहाबरोबर पुढे सरकताना त्याच्या उतारावर वाळू घसरत जाते. त्या उताराच्या खुणा म्हणजे या तिरप्या रेषा. रेषा ज्या बाजूला खाली झुकतात, साधारण त्या दिशेला ती प्राचीन नदी वाहत होती.

वाळूचे कण सिलिका, लोहाची संयुगे आणि चिकणमाती यांनी एकमेकांना जोडलेले असतात. काँक्रीटमध्ये सिमेंट जे काम करते तेच काम येथे हे जोडक द्रव्य करते. परंतु काँक्रीटचे मिश्रण आपण मोजून करतो, निसर्ग तसे करत नाही. एकाच कड्यात एक थर घट्ट जोडलेला, तर त्याखालचा नखाने खरवडता येईल इतका भुसभुशीत असू शकतो. शिवाय वालुकाश्म सच्छिद्र असतो. पाणी मुरले की त्याची शक्ती कमी होते. चिकणमातीने जोडलेल्या काही वालुकाश्मांची संपीडन-शक्ती ओलेपणी अर्ध्यावरही येते. काल कोरडा असताना ज्या कंगोऱ्याने तुमचे वजन पेलले, तो आज पावसानंतर पेलेलच असे नाही.

2. घळ कशी तयार होते?

बर्फी ताटातून काढण्यापूर्वी सुरीने रेषा पाडतात, तशा उभ्या भेगा या खडकात आहेत. भूशास्त्रात त्यांना सांधे म्हणतात. पाणी सर्वांत आधी सांध्यात शिरते आणि तिथला खडक झिजवते. झाडांची मुळेही तेथेच घुसतात आणि भेग रुंदावतात. ओढ्याला एकदा अशी वाट सापडली की तो पसरण्याऐवजी खोल जात राहतो. म्हणून हांडी खोहसारख्या दरीच्या भिंती जवळजवळ उभ्या आहेत.

भिंतीच्या पायथ्याशी दुसरी क्रिया चालू असते. सच्छिद्र थरातून झिरपणारे पाणी खालच्या कमी सच्छिद्र थरावर अडते आणि बाजूने पाझरते. पाझराच्या जागी कण सुटत जातात, पोकळी होते आणि वरचा भाग छतासारखा पुढे राहतो. माणसाने अशाच शैलाश्रयांत पांढऱ्या आणि गेरूच्या रंगात शिकारीची, नाचाची, लढाईची चित्रे काढली. या चित्रांना हात लावू नये, असे सांगण्यामागे खडकाचे हेच कारण आहे. जी पृष्ठभागाची वाळू बोटाला लागते, तिच्यावरच तो रंग बसलेला असतो.

आधार फार पोखरला गेला की छत सांध्यावर तुटून खाली येते. जटाशंकरच्या घळीत दोन कड्यांच्या मध्ये अडकलेल्या प्रचंड शिळा दिसतात, त्या अशाच कोसळण्यातून आलेल्या.

3. घळीतले जंगल

पठारावर आणि उतारांवर साल, साग, जांभूळ, आंबा ही झाडे आहेत. घळीच्या तळाशी दृश्य बदलते. तेथे ऊन थोडाच वेळ पोहोचते, वारा कमी असतो आणि खडकातून झिरपणारे पाणी उन्हाळ्यातही ओल टिकवून ठेवते. त्यामुळे नेच्यांच्या अनेक जाती येथे वाढतात, वृक्षनेचाही आढळतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना म्हणूनच येथे आणले जाते. वालुकाश्म पावसाचे पाणी साठवतो आणि वर्षभर थोडे थोडे सोडतो. पण मुसळधार पावसात ही साठवण अपुरी पडते.

4. पुराचे गणित

एका घळीच्या वर 5 चौरस किलोमीटर पाणलोट क्षेत्र आहे असे धरू. तेथे ताशी 60 मिलिमीटर पाऊस पडतो आहे आणि त्यातले निम्मे पाणी वाहून येते (C = 0.5). स्थापत्य अभियांत्रिकीतील सूत्र वापरू:

Q = 0.278 × C × i × A = 0.278 × 0.5 × 60 × 5 ≈ 42 घनमीटर प्रति सेकंद

घळ 6 मीटर रुंद आणि प्रवाहाचा वेग सेकंदाला 3 मीटर असेल, तर पाण्याची खोली = 42 ÷ (6 × 3) ≈ 2.3 मीटर. उघड्या मैदानात हेच पाणी घोट्याएवढे पसरले असते. घळीत ते माणसाच्या डोक्यावरून जाते.

आता पूर अजून गुडघ्याच्या थोडा वरच आहे असे समजा. पाण्यातील दोन्ही पायांचे क्षेत्रफळ 0.15 चौरस मीटर आणि रोध गुणांक 1 धरू:

F = ½ × 1000 × 1 × 0.15 × 3² = 675 न्यूटन

म्हणजे जवळजवळ 69 किलोग्रॅम वजनाएवढा आडवा रेटा. पायाखाली शेवाळलेला खडक असताना तो सहन करून उभे राहणे शक्य नसते. ‘गुडघाभर तर पाणी आहे’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे.

सूत्रातील A कडे पुन्हा पाहा. पाऊस तुमच्या डोक्यावर पडण्याची गरज नाही, पाणलोटात कुठेही पडला तरी पुरे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अँटेलोप कॅन्यन ही वालुकाश्माचीच अरुंद घळ आहे. 12 ऑगस्ट 1997 रोजी तेथे 11 पर्यटक पुरात मरण पावले. वादळी पाऊस कित्येक किलोमीटर दूर, वरच्या भागात झाला होता. पचमढीत वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि नागपंचमीच्या सुमारास भरणारी नागद्वारीची यात्राही त्याच दिवसांत असते. विदर्भातून मोठ्या संख्येने भाविक तेव्हा या डोंगरांत चालतात. तुमच्या घरचे कोणी जात असेल, तर हे गणित त्यांनाही सांगा.

5. चालताना काय पाहावे?

• घळीत उतरण्यापूर्वी ती कोठून येते हे नकाशावर पाहा. वरच्या डोंगरावर ढग असतील तर उतरू नका.

• भिंतीच्या फटींत आणि झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या काटक्या, पाचोळा शोधा. मागचा पूर निदान तिथवर चढला होता. जेवायला बसण्याची जागा त्या रेषेच्या वर निवडा.

• पाणी अचानक गढूळ झाले, पाचोळा वाहून येऊ लागला किंवा घरघर ऐकू आली, तर सामान सोडून वर चढा. घळीतून खाली पळू नका, कारण पाणी तुमच्यापेक्षा वेगाने धावते.

• हाताने धरण्याचा दगड आधी बोटांच्या सांध्याने ठोका. पोकळ आवाज आला तर तो मागच्या खडकापासून सुटलेला आहे.

• कड्यांच्या पोटाला आग्या मोहोळे असतात. धूर, आरडाओरडा, दगडफेक अजिबात नको.

• येथील बराच भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. वनखात्याची परवानगी घ्या आणि स्थानिक वाटाड्या सोबत ठेवा. तो ‘आज नको’ म्हणाला, तर वाद घालू नका.

सारांश

सांध्यांनी पाण्याला वाट दिली आणि पाण्याने घळ कोरली. खडकाची सच्छिद्रता जंगलाला ओल पुरवते आणि तीच खडकाला कमकुवतही करते. घळीच्या ज्या अरुंदपणामुळे आपण तेथे जातो, तोच पुराची उंची वाढवतो.

स्वाध्याय

1. वरील उदाहरणात घळीची रुंदी 3 मीटर धरा आणि वेग तोच ठेवा. पाण्याची खोली किती होईल?

2. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर पायांवरील रेटा किती पट होईल? कारण द्या.

3. तुमच्या गावाजवळचा एखादा ओढा निवडा. त्याचे पाणलोट क्षेत्र नकाशावर आखा आणि मागच्या पुराच्या खुणा प्रत्यक्ष शोधा. हे काम कोरड्या ऋतूतच करा.