पावणेतीन लाख कोटी सेल आणि एक गहाळ दप्तर

नगर जिल्हा, कागदोपत्री आता अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोले तालुक्यातल्या डोंगरांपासून जामखेडपर्यंत 17,048 चौरस किलोमीटर. आता लॅपटॉपमधली 1 टेराबाइटची एसएसडी घ्या. रुंदी 22 मिलिमीटर, लांबी 80 मिलिमीटर, वजन दहा ग्रॅमच्या आत. तिच्यात 8 लाख कोटी बिटं मावतात. बऱ्याच एसएसडींमध्ये एका सेलात 3 बिटं ठेवलेली असतात, म्हणजे सेल झाले सुमारे 2 लाख 67 हजार कोटी. हे सेल जिल्हाभर सारखे पसरले, तर शेत, डोंगर, धरण, रस्ता काहीही न सोडता दर चौरस मीटरला दीडशेच्या वर येतील. माणसांत वाटायचे म्हटले, तर 2011 च्या जनगणनेतल्या 45 लाख 43 हजार लोकांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा लाखांहून जास्त.

सेलात असतं काय? कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन. 3 बिटं वाचायची तर त्या विद्युतभाराच्या 8 पातळ्या एकमेकींपासून ओळखता आल्या पाहिजेत, आणि सगळा जमाव असतो शेकड्यांत मोजावा इतका. सेलामागे सरासरी 500 धरले, तरी काठोकाठ भरलेल्या ड्राइव्हमधल्या या सगळ्या इलेक्ट्रॉनांचं वजन एका ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाहून जरासं जास्त भरतं. एखादा जिवाणू साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. दहा वर्षांचे फोटो, दूधसंस्थेचे हिशेब, मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ, सगळं मिळून एक जिवाणू!

एवढ्या नाजूक भारात चुका होणारच, आणि त्या सतत होत असतात. चिपवरून थेट वाचलेल्या हजार बिटांत एक जरी चुकीचं निघालं, तरी अख्खी ड्राइव्ह एकदा वाचताना 800 कोटी चुका होतात. जगात माणसं साधारण तेवढीच आहेत. कंट्रोलर नावाची चिप गणित मांडून त्या दुरुस्त करते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. एसएसडींसाठीच्या मानकाची अपेक्षा अशी, की दुरुस्तीनंतरही न सुटलेली चूक 1 वर 15 शून्यं इतकी बिटं वाचल्यावर एखादीच असावी.

मग एसएसडी मरते कशाने? झिजून मरते हा समज फार पसरलाय. 1 टेराबाइटच्या ड्राइव्हला कंपन्या साधारण 600 टेराबाइट लिहिण्याची हमी देतात. पाच वर्षांत ती संपवायची तर रोज सव्वातीनशे गिगाबाइट लिहावं लागेल. घरात कोण लिहितं एवढं? बहुतेकदा आधी दगा देतो तो कंट्रोलर, त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर, किंवा वीजपुरवठ्याचा एखादा भाग. डेटा असतो तिथेच असतो, पण तो कुठे आहे हे सांगणारं कुणी उरत नाही.

एसएसडी एखादी फाइल कधीच एका जागी ठेवत नाही. सेल सारखे झिजावेत म्हणून कंट्रोलर मजकूर सतत हलवत राहतो, तुकडे करून अनेक चिपांवर विखरतो आणि कुठला तुकडा कुठे गेला याची नोंद ठेवतो. 4 किलोबाइटला एक नोंद धरली, तर 1 टेराबाइटला 24 कोटी 41 लाख नोंदी. हे दप्तर म्हणजे ड्राइव्हचे सातबारे, फक्त इथे जमिनीच रोज जागा बदलतात. ऐन लिहिण्याच्या वेळी वीज गेली आणि दप्तर फाटलं, तर शिवार जागच्या जागी राहतं, पण कुठलं शेत कुणाचं ते कळत नाही. मग ड्राइव्ह काही मेगाबाइटचीच दिसू लागते, किंवा स्वतःचं नाव विसरून ‘सॅटाफर्म एस11’ असं भलतंच नाव सांगते. दुरुस्तीच्या बाकावर ही खूण लगेच ओळखतात. कारागीर ड्राइव्हला तिचं बिघडलेलं फर्मवेअर उचलू न देता चालू करतो, बाहेरून तात्पुरता प्रोग्रॅम भरतो आणि चिपांवरच्या खुणा वाचून दप्तर नव्याने मांडायला घेतो. जमलं तर बहुतेक सगळं परत मिळतं.

चिप उखडून दुसऱ्या यंत्रात वाचता येत नाही का? जुन्या पेनड्राइव्हच्या बाबतीत यायची. पण आता बऱ्याच एसएसडी मालकाला न विचारता सगळा मजकूर कुलूपबंद करूनच लिहितात आणि किल्ली कंट्रोलरमध्येच राहते. ही किल्ली 256 बिटांची. शक्य किल्ल्या किती, तर 78 आकडी संख्या. जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारं यंत्र दिलं, तरी सगळ्या तपासायला 8 वर 50 शून्यं इतकी वर्षं लागतील. विश्वाचं वय 1,380 कोटी वर्षं आहे. त्यामुळे अशा ड्राइव्हचा कंट्रोलर जळाला, तर कारागीर आधी त्याच कंट्रोलरमध्ये जीव आणायला बघतो. दुसरा रस्ता नसतो.

पुसलेल्या फाइलची तऱ्हा आणखी वाईट. जुन्या हार्ड डिस्कवर ती बराच काळ तशीच पडून असायची. एसएसडीला मात्र संगणकच ‘ही जागा आता मोकळी’ असं कळवतो, आणि नुसती वीज चालू असली तरी ती आपल्या सवडीने साफसफाई उरकते.

आकड्यांचा सर्वांत निर्दय किस्सा नोव्हेंबर 2019 मधला. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने ग्राहकांना कळवलं, की आमच्या काही एसएसडी 32,768 तास चालल्या की बंद पडतील. म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस आणि 8 तास. त्याआधी फर्मवेअर बदललं नाही, तर ड्राइव्हही परत येणार नाही आणि डेटाही. हा आकडा योगायोगाचा नव्हे: 16 बिटांतलं एक बिट चिन्हासाठी ठेवलं, तर मोजणी 32,767 वर संपते. एकाच दिवशी बसवलेल्या ड्राइव्ह एकाच सुमारास जाणार होत्या. प्रती होत्या, पण सगळ्या एकाच माळेतल्या.

आता पुन्हा नगर जिल्ह्यात. नेवासा इथलंच. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी तिथे पूर्ण झाली. ओव्या नऊ हजारांच्या आसपास, युनिकोडमध्ये अंदाजे दोन मेगाबाइट. एका एसएसडीत पाच लाख ज्ञानेश्वऱ्या बसतील आणि कंट्रोलर गेला की पाचही लाख एका क्षणात जातील. पोथ्यांचं तसं नव्हतं. नकला करताना पाठ बिघडत गेले खरे, पण पोथ्या गावोगाव होत्या आणि एकीत बिघडलेला शब्द दुसरीत शाबूत असू शकतो. 294 वर्षांनी, शके 1506 मध्ये, एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि कुणी यात आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. डेटा रिकव्हरीवाल्यांचा पहिला नियम याहून वेगळा नाही: बिघडलेल्या ड्राइव्हवर काहीही लिहायचं नाही.

तेव्हा एसएसडी अचानक दिसेनाशी झाली, तर मशीन बंद करा आणि ती काढून ठेवा. विंडोज फॉरमॅट करू का विचारेल, नाही म्हणा. चालू-बंद करून बघू म्हणणाऱ्या भाच्यालाही नाही म्हणा. धडधाकट असेल, तर आजच दुसऱ्या ड्राइव्हवर एक प्रत काढा आणि शक्यतो दुसऱ्या घरात ठेवा. दोन्ही ड्राइव्ह मात्र एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या, एकाच खेपेतल्या घेऊ नका.