माणूस आणि त्याची जागा

माणसाचे छायाचित्र त्याच्या घरात, कारखान्यात, शेतात किंवा दुकानात काढायचे, आणि तेही असे की ती जागा त्या माणसाविषयी बोलू लागेल, ही व्यक्तिचित्रणाची एक स्वतंत्र शाखा आहे. स्टुडिओतल्या करड्या पडद्यासमोर चेहरा नीट दिसतो, पण ते हात कशाला सरावले आहेत, हे पडदा सांगत नाही. जागा ते सांगते. मात्र त्यासाठी ती निवडावी लागते, समजून घ्यावी लागते आणि बरीचशी चौकटीबाहेरही ठेवावी लागते.

जर्मनीतल्या ऑगस्ट सांडर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतकरी, कारागीर, कलावंत, बेकार अशा सर्व थरांतल्या माणसांची व्यक्तिचित्रे याच दृष्टीने काढली. त्यांनी १९२८मध्ये टिपलेला केक-पेस्ट्रीचा कारागीर पांढऱ्या कोटात, मोठे भांडे धरून थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. तो ना हसतो, ना कामाचे नाटक करतो, तरीही त्याचा धंदा आणि त्या धंद्याचा अभिमान दोन्ही कळतात.

या शैलीशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव अमेरिकेच्या आर्नल्ड न्यूमन (१९१८–२००६) यांचे. १९४६मध्ये त्यांनी संगीतकार इगॉर स्ट्राविन्स्की यांचे चित्र काढले. त्यात पियानोचे काळे, उघडे झाकण जवळजवळ सगळी चौकट व्यापते आणि संगीतकार डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, डोके हातावर टेकवून बसलेले दिसतात. झाकणाचा आकार पाश्चात्य स्वरलिपीतल्या कोमल स्वराच्या खुणेची आठवण देतो. विशेष म्हणजे ती खोली स्ट्राविन्स्की यांची नव्हती. न्यूयॉर्कमधल्या एका उसन्या घरात हे चित्र घेतले गेले. जागा त्या माणसाच्या मालकीची नसली तरी चालते, तिचा अर्थ त्याचा असावा लागतो.

न्यूमन यांचे दुसरे गाजलेले चित्र १९६३मधले, जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप यांचे. क्रुप यांना गुलाम-मजुरांकडून काम करून घेतल्याबद्दल न्यूरेंबर्गच्या खटल्यात शिक्षा झाली होती, आणि न्यूमन स्वतः ज्यू होते. एसेनच्या कारखान्यात उंचावर मंच उभारून, पाठीमागे कारखान्याचा पसारा ठेवून, दोन्ही बाजूंनी प्रकाश टाकत त्यांनी क्रुप यांना किंचित पुढे झुकायला सांगितले. चेहरा भयंकर दिसतो. प्रकाश आणि जागा मिळून माणसाविषयी निवाडा देऊ शकतात, हे त्यातून लक्षात येते; म्हणूनच हे साधन हाताळणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते.

नियोजनाची सुरुवात जागा आधी पाहून येण्यापासून होते. येवल्यातल्या पैठणी विणकराचे चित्र काढायचे असेल, तर खिडकी कोणत्या दिशेला आहे, सकाळचे ऊन मागावर किती वाजता येते, विणकर कोणत्या बाजूला तोंड करून बसतो आणि मागे उभे राहायला भिंतीपर्यंत किती अंतर उरते, हे पाहून ठेवावे लागते. मागावर ताणलेले रेशमी धागे नजरेला आपोआप विणकराकडे नेतात. रंगीत कांड्या आणि अर्धे विणलेले पदराचे नक्षीकाम त्याच्या हातांची ओळख देतात. उलट डोक्यामागची कॅलेंडरे, लोंबणारी वायर, प्लॅस्टिकची बादली लक्ष वेधून घेतात. त्यातले काय हलवायचे हे घरच्यांना विचारूनच ठरवावे. सगळेच आवरले तर खोली निर्जीव होते, आणि कॅलेंडरही कधी कधी त्या घराची खरी खूण असते.

लेन्सची निवड जागेवर अवलंबून असते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ३५ मिलिमीटरची लेन्स माणूस आणि खोली दोघांनाही सामावून घेते. २४ मिलिमीटरने जास्त जागा येते, पण चौकटीच्या कडेला आलेला चेहरा ताणल्यासारखा दिसतो, म्हणून माणूस मध्याच्या जवळ ठेवावा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागचे सगळे धूसर करण्याचा मोह इथे घातक ठरतो: जागाच पुसली गेली तर तिथवर जाण्याचे कारण उरत नाही. एफ/५.६ किंवा एफ/८ बहुधा सोयीचे पडते.

खरी कसोटी प्रकाशाची. मंद खोलीत खिडकीबाहेर लख्ख ऊन असते. खोलीप्रमाणे मोजले तर खिडकी पांढरीफटक होते, खिडकीप्रमाणे मोजले तर चेहरा काळवंडतो. अशा वेळी फ्लॅश उपयोगी पडतो. फ्लॅशची झळक क्षणार्धात संपते, त्यामुळे शटरचा वेग बदलून तिची तीव्रता बदलत नाही. बदलतो तो फक्त आसपासचा उजेड. अ‍ॅपर्चर दोन्हींवर परिणाम करते. म्हणून आधी फ्लॅशशिवाय खोली आणि खिडकीचा मेळ बसवावा, मग चेहऱ्यापुरता फ्लॅश वाढवावा. शटर मात्र कॅमेऱ्याच्या फ्लॅश-मर्यादेत, साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत, राहिले पाहिजे. छत्री किंवा सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या जवळ आणला की प्रकाश मऊ होतो आणि मागच्या भिंतीवर तो झपाट्याने कमी होत जातो. पिवळ्या बल्बच्या खोलीत फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन लावले, तर चेहरा आणि खोली एकाच रंगात दिसतात.

प्रकाशाची मांडणी माणूस येण्याआधी, मदतनिसाला त्याच्या जागी बसवून पूर्ण करावी. कामकरी माणसाचा वेळ म्हणजे त्याची मजुरी असते. त्याला तासभर ताटकळत ठेवून मोकळ्या चेहऱ्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ‘सहज बसा’ म्हटल्याने कोणीही सहज बसत नाही. हातात ओळखीचे हत्यार आले, कामाविषयी प्रश्न विचारला की खांदे आपोआप सैल होतात. चेहऱ्याइतकेच हातांकडे लक्ष द्यावे, कारण या प्रकारच्या चित्रात अर्धी गोष्ट तेच सांगतात. काम चालू असतानाची आणि काम थांबवून कॅमेऱ्याकडे पाहतानाची, अशी दोन्ही चित्रे घ्यावीत. दुसऱ्या प्रकारात माणसाचे स्वतःविषयीचे मत अधिक उमटते.

कारखाना, मंदिर किंवा सरकारी इमारत असेल तर परवानगी आधी लेखी घ्यावी, आणि चित्र कुठे छापले जाणार हे त्या व्यक्तीला स्पष्ट सांगावे. निघण्यापूर्वी नाव, काम, ठिकाण आणि तारीख तिथेच, त्या व्यक्तीला विचारून लिहून घ्यावी. सरकवलेल्या वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात आणि छापील प्रत पोहोचवण्यासाठी पत्ता घ्यावा.