वाचाघातातील शब्दस्मरणदोष व वाक्-उपचार

वाचाघात, म्हणजेच अफेजिया, झालेल्या व्यक्तीला ओळखीच्या वस्तूचे नाव ऐनवेळी न सापडणे यास शब्दस्मरणदोष म्हणतात. मेंदूच्या, बहुधा डाव्या, अर्धगोलास पक्षाघाताच्या झटक्याने अथवा अपघाताने इजा झाल्यास तो उद्भवतो. समज बरीचशी शाबूत असू शकते. नांदेड-लातूरकडील एखादा शेतकरी विळ्याने ज्वारी कशी कापतात ते हाताने दाखवील, पण ‘विळा’ हा शब्द त्याच्या तोंडी येणार नाही. अशा माणसाला वेडसर ठरवणे हा अन्यायच होय.

वाक्-उपचारतज्ज्ञ शब्द एकदम सांगून टाकत नाही. वस्तू कशाची, कोठे असते, तिने काय करतात, असे विचारत तो रुग्णाला शब्दाजवळ नेतो. तरीही न जमल्यास ‘वि...’ असे पहिले अक्षर उच्चारतो. ‘चुलीवर भाजली ज्वारीची...’ यासारखे अपुरे वाक्यही उपयोगी पडते. सरावाची चित्रे रुग्णाच्या व्यवहारातील असावीत; तवा, बाज, कडबा ही नावे त्याला रोज लागतात. मराठवाड्यात अनेक घरांत दखनी-उर्दू आणि बाहेर मराठी बोलली जाते. अशा रुग्णाच्या दोन्ही भाषा तपासाव्या लागतात, कारण त्या सारख्याच प्रमाणात परततात असे नाही.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत अधिक वेगाने होते. मात्र पुढेही सरावाचा लाभ होतो. घरच्यांनी शब्द चटकन पुरवू नये, थोडे थांबावे.