चांगली बातमी कुणी आणायची?

सकाळी उठून फोन हातात घेतला की काय दिसतं? कुठेतरी पेपर फुटला. कुठेतरी भरती पुढे ढकलली. पूर, दंगल, अपघात. मधेच एखाद्या मित्राच्या पॅकेजची पोस्ट. दहा मिनिटं स्क्रोल करून झालं की मनात एकच वाक्य उरतं, ‘जाऊ दे यार, आपण एकट्यानं काय होणार?’

हे वाक्य तुम्ही या आठवड्यात किती वेळा म्हणालात?

आता एक शब्द घ्या, सुवार्ता. सु म्हणजे चांगली, वार्ता म्हणजे बातमी. येशू ख्रिस्ताच्या संदेशाला मराठी ख्रिस्ती माणूस सुवार्ता किंवा शुभवर्तमान म्हणतो. म्हणजे या धर्माची सुरुवातच बातमीपासून होते, आणि बातमी घरात कडी लावून ठेवायची गोष्ट नव्हे. ती कुणाला तरी सांगायची असते, कुणापर्यंत तरी न्यायची असते. ‘मिशन’ या शब्दाचं मूळही तेच आहे. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ पाठवणं. मिशनरी म्हणजे ज्याला पाठवलंय तो.

पण मिशन म्हटलं की आपल्याकडे लगेच एकच प्रश्न येतो, ‘म्हणजे धर्मांतर का?’ ख्रिस्ती मित्रमैत्रिणींनो, हॉस्टेलवर हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारलाच असेल. चिडू नका आणि गप्पही बसू नका. उत्तर द्यायला आपल्याच मातीतली दोन माणसं मदतीला आहेत. बाकीच्यांनीही वाचा, कारण आनंद आणि आशा या गोष्टी कुणा एका धर्माच्या नावावर नाहीत.

चर्चमधून थेट बांधावर

पहिला माणूस वसईचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखाल गावात, शेतकरी घरात जन्म. १९७२ मध्ये धर्मगुरू झाले. वसईतून निघणाऱ्या मासिकाचं नावच ‘सुवार्ता’, आणि १९८३ ते २००७ अशी तब्बल चोवीस वर्षं फादर त्याचे संपादक होते. चर्चचं मासिक म्हणजे फक्त प्रार्थना आणि सणांची माहिती, असं कुणालाही वाटेल. फादरांनी त्यात साहित्य आणलं, समाजातले प्रश्न आणले, बाहेरचे लेखक आणले.

त्याच काळात वसईचं रूप बदलत होतं. केळीच्या बागा, पानमळे, फुलशेती आणि गोड्या पाण्याच्या विहिरी हे वसईचं वैभव. मुंबई वाढत वाढत तिथवर आली आणि या जमिनींना सोन्याचा भाव आला. वाड्या उठायला लागल्या, इमारती उभ्या राहिल्या, टँकर जमिनीतलं पाणी उपसून न्यायला लागले. समुद्राजवळच्या भागात गोडं पाणी असं उपसलं की खारं पाणी आत सरकतं. मग विहीर खारट होते आणि तिच्यावरची बागही जाते.

धर्मगुरूनं यावर काय करायचं? प्रार्थना करा, देव बघून घेईल, असं सांगून मोकळं होता आलं असतं. फादर रस्त्यावर उतरले. हरित वसई संरक्षण समितीच्या नावानं लोक एकत्र आले, त्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. मोर्चे निघाले, सभा झाल्या, धमक्याही आल्या. सगळी वसई वाचली का? नाही. आज वसई-विरारची लोकल पकडणाऱ्या कुणालाही ते दिसतं. पण जी हिरवळ शिल्लक आहे, तिच्यामागे या लढ्याचा मोठा वाटा आहे.

इथे धर्मांतर कुठे होतं? कुणाचं नाव बदललं नाही, कुणाचा देव बदलला नाही. शेजाऱ्याची विहीर गोडी राहावी म्हणून एक माणूस उभा राहिला. शेजाऱ्यावर प्रेम करा, ही त्याच्या श्रद्धेची शिकवण होती आणि त्यानं ती विहिरीपर्यंत नेली, एवढंच. त्यांच्या आत्मकथनाचं नावही लक्षात ठेवण्यासारखं आहे, ‘नाही मी एकला’. आपल्या ‘एकट्यानं काय होणार’ला याहून सरळ उत्तर सापडणार नाही.

पुढे २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचे अध्यक्ष फादर दिब्रिटो. या खुर्चीवर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवड झाली तेव्हा काहींनी विरोध केला, धर्मगुरू कसा काय चालतो म्हणून. फादर पाठीच्या दुखण्यानं बेजार होते, तरी गेले आणि बोलले. मराठीबद्दल बोलले, पर्यावरणाबद्दल बोलले, झुंडीच्या हिंसेबद्दलही बोलले. कटुता न धरता पण भीडही न ठेवता. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

विनोद हीसुद्धा श्रद्धाच

दुसरी व्यक्ती तुम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटलेली असेल. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. घरात सोवळं इतकं कडक की वडील मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. अकराव्या वर्षी लग्न. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अक्षरओळख नवऱ्यानं करून दिली. आणि नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक, कधी कुठे निघून जातील याचा नेम नाही.

१८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. त्या काळात याचा अर्थ संसार मोडणं, नातेवाइकांत तोंड दाखवायला जागा न उरणं. त्या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही लगेच धर्म बदलला नाही. आपलं सोवळं सांभाळत, स्वतःशी भांडत, एकेक गोष्ट तपासत राहिल्या. माणसाच्या हातचं पाणी जातीवरून विटाळतं का, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच शोधलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या बुद्धीनं. कुणी ओढलं म्हणून नव्हे, नवऱ्यानं सांगितलं म्हणूनही नव्हे.

नंतरचं आयुष्य सोपं होतं, असंही नाही. दुष्काळ होता, प्लेग होता, पैशांची चणचण तर कायमचीच. तरी अनाथ मुलं घरात येत राहिली, पंगत वाढत राहिली. बालकवी ठोंबरे काही काळ याच घरात वाढले. आणि हे सगळं लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये कसं लिहिलंय? खळखळून हसवत. नवऱ्याची फजिती, स्वतःची फजिती, काही लपवलेलं नाही. टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूनंतर अपुरं राहिलं होतं. शाळेत न गेलेल्या या बाईनं त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पुरं केलं.

दुःख नव्हतं म्हणून त्या आनंदी होत्या, असं नाही. दुःख होतं आणि त्याच्याच शेजारी आनंदाला जागा करून दिलेली होती.

आशा म्हणजे ‘पॉझिटिव्ह राहा’ नव्हे

इथे एक घोळ नेहमी होतो. कुणी आशेबद्दल बोललं की आपल्याला रीलमधलं ‘बी पॉझिटिव्ह’ ऐकू येतं. केटी लागलेल्या मुलाला कुणी ते सांगितलं तर त्याला चीडच येणार.

ख्रिस्ती श्रद्धेतली आशा तशी नाही. तिच्यात आधी गुड फ्रायडे येतो, क्रूस येतो, मित्र पळून जातात, सगळं संपल्यासारखं वाटतं. ईस्टरचा रविवार त्यानंतर. मधल्या शनिवारी काहीच घडत नाही, नुसती वाट पाहणं असतं. आपलं बरंचसं आयुष्य या शनिवारातच जातं. निकाल लागलेला नसतो, नोकरी मिळालेली नसते, घरचं आजारपण संपत नसतं. सगळं छान होईल असं म्हणणं ही आशा नव्हे. अजून काहीच दिसत नसताना आज हातातलं काम करत राहणं, ही आशा. विहीर वाचेल की नाही हे माहीत नसताना मोर्चात चालणं, ही आशा.

आणि हो, ती एकट्यानं धरून ठेवायची गोष्ट नाही. मन खरंच बुडत असेल, रात्र रात्र झोप येत नसेल, तर मित्राशी बोला, समुपदेशकाकडे जा. मदत मागितली म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मग करायचं काय?

फादर दिब्रिटोंइतकं मोठं काही आज दुपारपर्यंत होणार नाही. व्हायची गरजही नाही. पण तुमच्या वर्गात डबा न आणणारा कुणीतरी असतो. इंग्रजीतल्या लेक्चरला मान खाली घालून बसणारी, गावाकडून आलेली मुलगी असते. ग्रुपवर ज्याची रोज टिंगल होते तो एक जण असतो. त्याला आज एक चांगली बातमी हवी आहे. ‘चल, कँटीनला जाऊ’ ही बातमी होऊ शकते. ‘नोट्स माझ्याकडे आहेत, बस, समजावते’ हीसुद्धा.

चर्चला जाणारे असाल तर पुढच्या रविवारी बाहेर पडताना विचारा, आज मला कुणाकडे पाठवलंय? देवळात, मशिदीत, विहारात जात असाल किंवा कुठेच जात नसाल, तरी हाच प्रश्न चालेल.

आणि कॉलेजच्या लायब्ररीत ‘स्मृतिचित्रे’ नक्की असेल. या आठवड्यात काढा आणि पहिली पंचवीस पानं वाचा. नाही हसू आलं तर परत करा. आलं, तर ते पुस्तक स्वतःकडेच ठेवू नका, शेजारच्या बाकावर सरकवा.