शाळेच्या आवारातील सदाफुली

युरोपातील विंका नावाच्या वेलीच्या काही प्रकारांची पाने पांढरट कडांची असतात. ही वेल जमिनीलगत पसरून माती झाकते व कुंडीतून खाली लोंबते. परंतु तिला थंड हवा मानवते. नाशिक जिल्ह्यातील कडक ऊन सोसत नाही. गोदाकाठच्या एकलहरे गावासारख्या ठिकाणी हेच कार्य तिच्याच कुळातील सदाफुली उत्तम रीतीने करू शकते.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरील. तिला बाराही महिने फुले येतात, पाणी थोडे पुरते आणि तिच्या कडू पाल्याला शेळ्यामेंढ्या सहसा तोंड लावीत नाहीत. ज्या शाळांना कुंपण नाही, त्यांच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे.

जून महिन्यात शाळा उघडताच खोक्यात बी पेरावे व त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. दोनतीन पानांच्या जोड्या आल्यावर रोपे ३०-३० सेंटीमीटर अंतरावर लावावीत. शेंडे खुडल्यास झाड उंच न वाढता फांद्यांनी पसरते व जमीन झाकते. काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून वाफा उंच करून त्यात वाळू व शेणखत मिसळावे. फुटका माठ किंवा जुना डबाही कुंडी म्हणून चालतो. मात्र तळाशी भोक पाडून त्यावर खापरी ठेवावी.

निसर्ग-अभ्यासासाठी हे रोप सोयीचे आहे. एका खोक्यातील बी मातीने झाकावे, दुसऱ्यातील उघडे ठेवावे. दोन्ही सारखे ओले राखावे. अंधारात बी अधिक चांगले रुजते, हे मुलांना स्वतः मोजून समजेल.

या रोपाविषयी एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून सांगावी. मधुमेहावर सदाफुलीची पाने खाण्याची समजूत अनेक ठिकाणी आहे. तिचीच पारख करताना कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांना या पाल्याच्या अर्काने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात असे आढळले. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हे द्रव्य हाती आले. पुढे याच झाडातून मिळालेल्या व्हिन्क्रिस्टिनचा उपयोग मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर होऊ लागला. ही औषधे शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून जेमतेम ग्रॅमभर मिळतात आणि डॉक्टर ती काटेकोर मोजून देतात. घरी चावलेल्या पानाला असे माप नसते. त्यातील द्रव्ये विषारी आहेत.

म्हणून मुलांनी पान, फूल वा बी तोंडात घालू नये आणि चीक लागल्यास हात धुवावेत. घरी कोणी पाने खात असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेण्याविषयी पालकांना सुचवावे. वाफ्याजवळ ‘पाहावे, खाऊ नये’ अशी पाटी मुलांकडूनच लिहून घ्यावी. बागकामाइतकाच तोही पाठ महत्त्वाचा आहे.