धार तुटली की इंजिन तापतं

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे दोन मोठे पाइप लांबून दिसतात. एक विहिरीत उतरलेला सक्शनचा, दुसरा पाटाकडे गेलेला डिलिव्हरीचा. तिसरा पाइप जेमतेम बोटाएवढा. पंपाच्या डिलिव्हरीतून फुटून तो इंजिनाच्या सिलिंडरला खालच्या अंगानं मिळतो. त्यातलं पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून वर चढतं, हेडमधून फिरतं आणि वरच्या नळीतून बाहेर सांडतं. इंजिन पंप फिरवतं आणि पंप इंजिनाला थंड ठेवतो. पंपानं पाणी सोडलं की पिकाचं पाणी तुटतंच, शिवाय काही मिनिटांत इंजिनही पिस्टन धरून बसतं. म्हणून जुना मिस्त्री बांधावर आल्याबरोबर पान्याला हात लावत नाही. त्या बारक्या नळीतून पाणी पडतंय का आणि किती गरम पडतंय, हे आधी बघतो.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या एका पिढीची शेती या यंत्रावर उभी राहिली. १९४८च्या सप्टेंबरात निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मोकळा झाला, तेव्हा इथल्या खेड्यांत वीज नव्हती आणि ती पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. विहिरीवर मोट चालायची. मोटेला दोन किंवा चार बैल, हाकणारा एक माणूस आणि दारं धरणारा दुसरा. इंजिन आलं आणि बैल औतासाठी मोकळे झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती; लोखंडी नांगरापाठोपाठ तिथून पंपही निघू लागले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. पाच अश्वशक्ती, मिनिटाला १५०० फेरे, ८० मिलिमीटर व्यासाचा एकच सिलिंडर, हे तिचं उभं इंजिन पुढे गावोगाव ओळखीचं झालं.

त्याच्या जोडीला संथ चालीची, भल्यामोठ्या चाकांची इंजिनंही होती. त्यांचं मूळ इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीत. १९३०च्या सुमाराचं ते डिझाइन राजकोटच्या कारखानदारांनी उचललं आणि देशभर पोचवलं. मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या आसपास फिरणारं हे इंजिन पिठाच्या गिरणीत जास्त रमलं. त्याच्या शेजारी पाण्याची टाकी असे. तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या पाइपानं टाकीत जातं आणि टाकीतलं गार पाणी खालच्या पाइपानं इंजिनात येतं. पंप नाही, पट्टा नाही. तेच पाणी दिवसभर फिरत राहतं. टाकीतलं पाणी वरच्या पाइपाच्या तोंडाखाली गेलं की हे फिरणं थांबतं. गिरणीवाल्याला राखायची ती एवढीच एक गोष्ट. विहिरीवरच्या इंजिनाला अशी शिल्लक नसते. त्याला या क्षणी लागणारं पाणी याच क्षणी विहिरीतून यावं लागतं.

ही अवस्था समुद्रावरही आहे. शिडाच्या होडीत वारा पडल्यावर किंवा बंदरात शिरताना चालवायला छोटं डिझेल इंजिन असतं आणि ते बाहेरच्या खाऱ्या पाण्यावर थंड राहतं. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. एवढ्या लांबच्या प्रवासात मिस्त्री बोलावता येत नाही. सुकाणू धरणाऱ्यालाच फिटर व्हावं लागतं. होडीच्या पंपात लोखंडी पंख्याऐवजी लवचीक रबरी पात्यांचा पंखा असतो. पाणी हेच त्याचं वंगण. तळाच्या जाळीत शेवाळ किंवा प्लॅस्टिक अडकलं, की कोरडी फिरणारी पाती बघता बघता झिजून तुटतात आणि त्यांचे तुकडे पुढच्या नळ्यांत जाऊन अडकतात. नवा पंखा बसवून भागत नाही, जुन्याचा प्रत्येक तुकडा मोजून बाहेर काढावा लागतो. तिथला जाणकारही इंजिन सुरू करताच कडेवरून वाकून बघतो, धुराबरोबर पाणी बाहेर पडतंय का.

नांदेडजवळ गोदावरीत इंजिन लावलेल्या होड्या आहेत, पण त्या बहुधा रेती उपसणाऱ्या. महसूल खात्याची पथकं अशा होड्या, तराफे आणि इंजिनं पकडून नष्ट करतात, याच्या बातम्या जिल्ह्याच्या पानावर नेहमीच्या. ज्या नदीचं पाणी इंजिनाला गार ठेवतं तिचाच तळ ते उपसतं. रेती मिसळलेलं पाणी पंपाचा पंखा आणि त्याचं कवच दोन्ही खरवडतं, त्यामुळे त्या धंद्यात पंप फार टिकतही नाही.

पुन्हा विहिरीवर येऊ. इंजिन जोरात चाललंय, पाइपाच्या तोंडाला मात्र पाणी नाही. मिस्त्री पहिल्यांदा इंजिन बंद करतो. दुसरं काम विहिरीत डोकावण्याचं. सक्शन पाइपाच्या टोकाला एकमार्गी झडप असते, तिला शेतकरी फुटबॉल म्हणतात. ती पाण्यात किती बुडाली आहे, हे बघायचं. जेमतेम बुडाली असेल तर पाण्यावर भोवरा पडतो आणि त्यातून पंप हवा ओढतो. असा पंप बिघडलेला नसतो, फक्त पाइप आखूड पडलेला असतो.

फुटबॉल खोल असेल तर पंपात वरून पाणी भरायचं. नरसाळ्यात पाणी ठरतं की उतरत जातं, यावर पुढचा सगळा तपास. उतरत गेलं तर फुटबॉल गळतोय. झडपेखाली काडी, पान किंवा कंकर अडकलेला असतो, नाहीतर तिचं चामडं सुकून आकसलेलं असतं. पिकाला आज पाणी हवंय आणि पाइप वर काढायला माणसं नाहीत, अशा वेळी शेणाचा काला पंपात ओततात. तो बारक्या फटीत बसतो आणि तेवढ्यापुरतं पाणी धरतं. ही डागडुजी आहे, दुरुस्ती नव्हे. पण हंगाम तिच्यावर निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

पाणी ठरतंय आणि तरी पंप ओढत नाही, तर सक्शनच्या बाजूला कुठेतरी हवा शिरतेय. डिलिव्हरीचा सांधा गळला तर पाणी बाहेर येतं आणि दिसतं. सक्शनचा सांधा गळला तर हवा आत जाते आणि काहीच दिसत नाही. मग प्रत्येक फ्लँजवर ओला चिखल लिंपून पुन्हा चालवून बघायचं. ज्या सांध्यावरचा चिखल आत ओढला जाईल तोच चोर. पाइप वाटेत उंटाच्या पाठीसारखा वर उचललेला असेल, तरी त्या उंचवट्यात हवा साठून राहते.

त्यानंतर ग्लँड. शाफ्ट जिथून पंपात शिरतो तिथे तेल-ग्रीस मुरवलेली ग्लँडदोरी भरलेली असते. तिच्यातून थेंब थेंब पाणी ठिबकलंच पाहिजे. गळती दिसली की नट आवळायचा, ही नवख्याची खोड. पूर्ण आवळलेली दोरी कोरडी पडते, जळते आणि शाफ्टला खाच पाडते. सैल सोडली तर तिथूनही हवा शिरते. शेवटी पंप उघडायचा. पंख्याच्या पोटात पालापाचोळा, सुतळी, प्लॅस्टिकच्या चिंध्या सापडतात. कधी पंख्याची चावी तुटलेली असते. मग शाफ्ट फिरतो आणि पंखा जागेवर राहतो. यातलं काहीच नसेल तर इंजिनाचे फेरे तपासायचे. पंपाचा पाणी चढवण्याचा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १५००चे १२०० झाले तर वेग पाचव्या हिश्शानं कमी होतो, पण चढाव १०० फुटांवरून ६४ फुटांवर येतो. उंचावरच्या शेतात पाणी न पोचण्याचं कारण पुष्कळदा डिझेलच्या तुंबलेल्या फिल्टरमध्ये असतं.

आता उलटी तक्रार. शेतात पाणी धो धो पडतंय आणि इंजिन मात्र तापतंय. तिसऱ्या पाइपाची तोटी उघडी आहे का, त्यात गाळ बसलाय का, हे बघून मग सिलिंडरभोवतीची पोकळी तपासायची. इथल्या बेसाल्ट खडकातलं विहिरीचं पाणी जड असतं. तापलं की त्यातला चुना लोखंडावर थर धरतो. थर उष्णता अडवतो, वाटही अरुंद करतो. बाहेर पडणारं पाणी इतपत गरम असावं की हात त्यात क्षणभरच टिकावा. त्याहून गरम असेल तर धोका, पण अगदी गार असेल तरी बरं नाही. फार थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, त्यातल्या गंधकाचं आम्ल होऊन लायनर झिजतो. आणि तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतायचं नाही. हेडला तडा जातो, मग पंपाचं शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं.

हा सगळा क्रम उगमाकडून यंत्राकडे जाणारा आहे. आधी पाणी, मग झडप, मग पाइप, मग पंप, सगळ्यात शेवटी इंजिन. उलट्या क्रमानं गेलेला माणूस चांगलं इंजिन खोलून ठेवतो आणि संध्याकाळी त्याला कळतं की विहिरीत पाणी दोन हात खाली गेलं होतं.

पाणी खाली जाण्याला पंपाकडे इलाज नसतो. सक्शन पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ पेलतो. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटर उंच, लातूर सहाशेच्या वर. त्यामुळे ही मर्यादा नांदेडला दहा मीटरच्या जरा आत येते आणि लातूरला साडेनऊच्या आसपास. पाइपातलं घर्षण आणि गळती वजा जाता हातात उरतात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट. त्यापलीकडे अश्वशक्ती दुप्पट केली तरी थेंब येत नाही. पंपात खडे घोळल्यासारखा आवाज येतो, तो या मर्यादेजवळ पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे फुटल्याचा.

शेतकऱ्यांनी यावर उपाय काढला तो इंजिनच खाली नेण्याचा. विहिरीच्या आत चौथरा करायचा आणि उन्हाळ्यात पंपासकट इंजिन त्यावर उतरवायचं. त्यात जिवाची जोखीम होती. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीत कोंडतो, त्याला वास नसतो आणि खाली उतरलेल्याला हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

१९७२च्या दुष्काळानं विहिरी आणखी खोल करायला लावल्या, पुढे बोअर आले. दख्खनच्या या खडकात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. खाली जावं तसं ते वाढत नाही, नशिबावर पडतं. तरी लातूरकडे बोअर आठशे-हजार फुटांपर्यंत गेले. विजेच्या सबमर्सिबल पंपानं सक्शनची मर्यादा ओलांडली, कारण तो पाणी ओढत नाही, पाण्यात बसून वर ढकलतो. पण जुना नियम त्यालाही सुटला नाही. सबमर्सिबलची मोटर तिच्या अंगावरून वर जाणाऱ्या पाण्यानंच थंड राहते. बोअर आटला की ती कोरडी फिरते आणि वाइंडिंग जळतं. विहिरीवरच्या इंजिनाचा तिसरा पाइप इथे दिसेनासा झाला, एवढाच फरक. आता मिस्त्री नळीखाली हात धरत नाही, स्टार्टरच्या पेटीवरचा अ‍ॅम्पिअरचा काटा बघतो. काटा नेहमीपेक्षा खाली असेल तर पंपाला पाणी मिळत नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात हीच परीक्षा एका शहरावर आली. लातूरला पाणी पुरवणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पंप होते, जलवाहिनी होती, वीज होती. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून दहा वॅगनची पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. पुढे पन्नास वॅगनच्या गाड्या आल्या. नांदेडला गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प उपसा सिंचनाच्या मोठ्या योजनांत मोजला जातो, पण त्याचे पंपही नदीत पाणी असेपर्यंतच उपयोगाचे. शेतात, शहरात आणि प्रकल्पावर तपासाचा क्रम तोच आहे.

डिझेल इंजिन अजून गेलेलं नाही. वीज रात्रीची पाळी लावते किंवा रोहित्र जळतं, तेव्हा कोपऱ्यातलं इंजिन बाहेर निघतं. हँडल मारायला माणूस मिळाला पाहिजे, इतकंच. अलीकडे सौर पंप वाढले. त्यांच्या नियंत्रकाला पाणी संपल्याचं कळतं आणि तो मोटर आपणहून थांबवतो. मोटर वाचते हे खरं. पण डिझेलचा पैसा लागत होता तेव्हा उपसा परवडेनासा होऊन थांबायचा. उन्हाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे तो लगामही गेला.

आता विहिरीत डोकावण्याचं काम एकट्या मिस्त्रीचं राहिलेलं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरवलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. अटल भूजल योजनेत लातूर जिल्ह्यातल्या गावांनी पाऊस, पातळी आणि उपसा यांचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. ऑक्टोबरची पातळी कळली की उसाला हात घालायचा की हरभऱ्यावर भागवायचं, हे पेरणीआधी ठरवता येतं. पंप मार्चमध्ये पाणी सोडतो तेव्हा मिस्त्रीला बोलावतात. ज्या गावानं ऑक्टोबरात पातळी मोजून पीक ठरवलं, तिथे मार्चमध्ये मिस्त्रीला फक्त ग्लँडदोरीच बदलावी लागेल.